झाकणाखाली राहिलेली रेकॉर्ड

प्रिय दादा,

आधीच सांगून ठेवते, माझ्या चुका मोजत बसू नकोस. तुझ्या लॅपटॉपवर मराठी टाइप करायला मी आत्ता कुठे शिकलेय, एकाच बोटाने चाललंय, आणि ऱ्हस्व-दीर्घ शाळेत असताना जमलं नाही ते आता कुठून जमणार. सकाळच्या चहानंतर बसले होते, आता आई जेवायला हाका मारतेय आणि माझ्या चार ओळी झाल्यात. फोन केला असता, पण फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाही, आणि तू मग विचारतोस, लाइन कटली का.

तुझा मेसेज वाचला. बिर्ला नगरची खोली सोडायची आहे हे तुला आईनं सांगितलंच. येत्या रविवारी आपण सूर्याजी काकांकडे सिटी सेंटरला जातोय, दोन घरं एक होणार, मतलब दोन मिक्सर, दोन कुकर आणि दोन देव्हारे. काकू आणि आई रोज फोनवर ठरवतात की कुणाचं काय ठेवायचं. देवांचं ठरलं, दोन्हीकडचे एकाच देव्हाऱ्यात. कुकरचं अजून नाही. तुझ्या सामानाला एका कपाटाची जागा आहे, म्हणून तू लिहिलंस की लॅपटॉप, डबल सीडी प्लेअर आणि बाबांचा पेटीवाला रेकॉर्ड प्लेअर यातलं एकच ठेव, बाकी कुणाला देऊन टाक, तू वापरतेस तर तूच ठरव. मी पाच दिवस विचार केला. सच्ची.

लॅपटॉप सगळ्यात सोयीचा, हे काय सांगायला हवं. आता माझ्याकडे बायकांचे कार्यक्रम येतात, हळद, डोहाळजेवण, लेडीज संगीत. सुधाताईंनी सुरू करून दिलं. त्या सगळ्यांना सांगत सुटतात, आमच्या बाजूची शरयू लावते गाणी, आपल्या बायकांत बाहेरचे पोरं कशाला. मला पण बरं वाटतं. टेबलामागे उभं राहायचं, हेडफोन घातले की कुणी बोलायला येत नाही. पण लॅपटॉपमध्ये सगळंच असतं ना, आणि ते लोकांना माहीत असतं. मग पोरी येतात, दीदी ये वाला लगा दो, नहीं नहीं ये वाला, गाणं अर्धं होऊ देत नाहीत. मला नाही म्हणता येत नाही. एका हळदीत मी एकोणीस गाणी लावली आणि एकही पूर्ण वाजलं नाही.

सीडीचं बरं असतं. सीडी संपेपर्यंत तीच. आणि तुझ्या अक्षरात त्यावर लिहिलेलं असतं, ‘वरात – जोरात’, ‘वरात – आजोबा बसलेत’. पण वरातीच्या गाडीत ती उडते हे तुलाच माहीत. तू तो प्लेअर गादीवर ठेवायचास, आठवतं? आईची गादी, आणि नवरदेव घोड्यावर. आई म्हणायची, नवऱ्यापेक्षा थाट यंत्राचा.

आणि बाबांचा रेकॉर्ड प्लेअर. तो कार्यक्रमात चालणारच नाही, पाय आपटला तरी सुई उडते. घरात ऐकायचा म्हटलं तर ऐकायला काय आहे? संस्थानाची पलटण भारताच्या फौजेत मिळाली तेव्हा उमाजी आजोबा पलटणीच्या बँडमधलं क्लॅरिनेट जमा करून घरी आले, आणि मग वाजवता येत नाही तर ऐकू तरी, म्हणून रेकॉर्डी जमवायला लागले, ही गोष्ट बाबांनी आपल्याला किती वेळा सांगितली असेल. चाळीस रेकॉर्डी होत्या. आता नाहीत. म्हणून मी पहिल्या दिवशी ठरवलं होतं की प्लेअर द्यायचा. त्याच्यावर दोन वर्षांपासून आईचा लोकरीचा डबा आहे, झाकण कुणी उघडत नाही.

मग मागच्या मंगळवारी सुधाताईंच्या सुनेची मंगळागौर झाली, किल्ला गेटजवळच्या हॉलमध्ये. बाबा मला स्कूटरवर सोडायला आले आणि बाहेर पायरीवर पेपर घेऊन बसले, ते नेहमी बसतात, पोरगी एकटी कशी येईल म्हणून. बायकांचं झिम्मा-फुगडी स्वतःच्या तोंडानं चालू होतं तोवर ठीक. मग त्या दमल्या आणि म्हणाल्या, चल गं, लाव आता. आणि लॅपटॉप बसला. निळा पडदा, गोल गोल फिरतंय, बस. साठ बायका माझ्याकडे बघतायत. एक जण म्हणाली, दीदी मेरे फोन से लगा लो. सुधाताई तिकडून ओरडल्या, अगं ती पोर आता रडेल, गप बसा सगळ्या. मी खरंच रडले असते. पण तुझ्या बॅगेच्या खालच्या कप्प्यात हात घातला आणि ती सीडी निघाली, ज्यावर तू लिहिलंयस, ‘घरचं. हात लावायचा नाही’.

मी लावली. पहिलीच ती फुगडीची निघाली, आजोबांची. आधी खरखर, मग ती बाई गायला लागली, आणि म्हाताऱ्या ज्या खुर्च्यांवर पाय चोळत होत्या त्या उठल्या. आणि मग ती जागा आली, जिथे सुई अडकायची. ‘सई गं, सई गं, सई गं.’ सगळ्या हसायला लागल्या, सीडी खराब आहे म्हणाल्या. मी हात पुढे केला आणि तेवढ्यात आतूनच आवाज आला, टक्, आणि गाणं पुढे गेलं. मी वर बघितलं तर बाबा दारात उभे. बायकांच्या कार्यक्रमात, चपला घालून, उंबऱ्यावर. कुणीतरी म्हणालं, संभाजीराव, फुगडी घालायची का? त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. गाणं संपल्यावर परत जाऊन पायरीवर बसले.

येताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. फाटकाजवळ गाडी थांबली, मालगाडी जात होती, तेव्हा समोर बघतच म्हणाले, ते बोट माझं होतं ना?

मी म्हटलं, हो. तू लॅपटॉपमध्ये रेकॉर्डी भरत होतास त्या दिवशी ते मधेच आले होते, अडकलेली सुई त्यांनी बोटानं पुढे सरकवली होती, आणि तुला म्हणाले होते, डब्यात भरलेलं गाणं कोण ऐकणार. चाळीसच्या चाळीस तू भरून ठेवल्या होत्यास. मला माहीत होतं. त्यांना वाटायचं एखाद-दोन करून सोडलं असेल.

दादा, रेकॉर्डी गेल्या त्या दिवशी तू मला म्हणाला होतास, खाली जा आणि तोंड उघडू नको. मी इतकं ऐकलं तुझं की दोन वर्षं उघडलं नाही. तुला वाटलं, ही आत्ताच शाळा सोडून बसलीय, नववीत उभं राहून धडा वाचता येत नाही म्हणून घरी आली, बाबा आधीच तिच्यावर चिडलेत, अजून नको. आणि तू त्यांना सांगितलंस की रेकॉर्डी तूच कार्यक्रमाला नेल्या होत्या, गाडीत उन्हात राहिल्या. ते म्हणाले, माझ्या बापाचं तेवढंच होतं, माझ्यासमोर येऊ नकोस. तू आठवड्यात पुण्याला गेलास. मी दाराआड उभी होते. बाहेर आले असते तर चार पावलं होती.

मालगाडी लांब होती. पाठीशी बोलायला सोपं असतं, चेहरा दिसत नाही. मी सगळं सांगितलं. की मे महिना होता, आई गच्चीवर कुरडया घालत होती, आणि आपल्याकडे जे वर्षभर टिकवायचं त्याला ऊन दाखवतात, गहू, गाद्या, लोणच्याच्या फोडी. मला वाटलं बाबांच्या रेकॉर्डींना वास येतोय, त्या पण टिकायला पाहिजेत. मी बादलीत कपड्याची पावडर घालून त्या धुतल्या आणि कुरडयांच्या शेजारी, त्याच चादरीवर, ओळीनं वाळत घातल्या. दुपारी उलटायला गेले तर सगळ्यांच्या कडा कुरडयांसारख्याच वळलेल्या. तू वर आलास आणि गोळा केल्यास. एवढंच. कान्होजी दादानं काहीच केलं नव्हतं, मी म्हटलं. फाटक उघडलं, मागचे हॉर्न देत होते, बाबा हलेनात. मग चालवायला लागले आणि आपलं वळण सोडून सरळच गेले, पार पुढच्या चौकातून फिरून आणली गाडी. घरी आल्यावर म्हणाले, उन्हाची पण कमाल आहे. आणि तोंड धुवायला गेले.

काल सामान बांधताना त्यांनी स्वतः तो लोकरीचा डबा उचलला आणि प्लेअरचं झाकण उघडलं. त्याच्यावर ती फुगडीची रेकॉर्ड होती, दादा. मी कपाटातल्या धुतल्या होत्या, ही प्लेअरवरच राहिली होती. सपाट, चकचकीत, आजोबांची सही पण आहे. बाबांनी बटण दाबलं, पण आतला रबराचा पट्टा ढिला झालाय, तर ती बाई एखाद्या पहिलवानासारखी गायला लागली. आई हसली, मग बाबा हसले, डोळे पुसेपर्यंत हसले. मग मला म्हणाले, तू त्याला लिही, मी नाही लिहिणार. लिही की प्लेअर नव्या घरी जाणार आहे. पट्टा त्यालाच बसवता येतो, आणि तिथली फरशी सरळ आहे की नाही, लेव्हल कशी लावायची, ते मला कळत नाही. रविवारी टेंपो दहाला येईल. तर तू विचारलं होतंस की एकच काय ठेवायचं, त्याचं उत्तर हे आहे. लॅपटॉप मी माझ्या अंथरुणाजवळ ठेवीन, सीडीवाला काकूच्या कुकरच्या शेजारी मावेल, मी काकूशी स्वतः बोलले. खरंच बोलले. तू फक्त पट्टा घेऊन ये, आणि शनिवारीच निघ.

रविवारी फाटकाशी उभी राहणारी
तुझीच
शरयू

ता. क. काल माकडानं सुधाताईंची कवळी पळवली. गच्चीवर वाटीत ठेवली होती. अजून सापडली नाही, आणि सध्या त्या माझ्यापेक्षाही कमी बोलतायत.