भिंतीमागे उरलेला ठोकळा

बाबा,

आपलं लाखनीचं घर पाडलं, दुकानासकट. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि धाकट्याला ते सुचणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. रस्ता आता खूप रुंद झाला आहे. ट्रक थांबत नाहीत, त्यामुळे दोर आणि ताडपत्री घ्यायलाही कुणी थांबत नव्हतं. त्या जागेवर खाली दुकानं आणि वर घर बांधायचं धाकट्यानं ठरवलं. फोनवर म्हणाला, "तू नागपुरात साऱ्या दुनियेच्या बिल्डिंगा काढून राहिली, मंग आपलीच काहून नाही?" मला नाही म्हणता आलं नाही.

माझं काम तुम्ही पाहिलंच नाही. मी कॉलेजात असताना दुकानातच, गिऱ्हाइकाला दोर मोजून देता देता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. म्हणून सांगते. इमारत काढताना सुरुवातीला दारं-खिडक्या काही नसतात. कॉम्प्युटरवर आधी नुसता भरीव ठोकळा उभा करायचा. त्याची कड धरून ओढली की तो लांबतो, वरून दाबला की बसका होतो. त्यात दुसरा ठोकळा घुसवून तेवढा भाग कोरून काढता येतो. तासन्‌तास मी हेच करते. तुम्ही नागपूरहून लाकडी ठोकळ्यांची पेटी आणली होती, ती आठवते? मी दुकानाच्या उंबऱ्यावर घर रचून बसले आहे, तुम्ही काउंटरवरून वाकून पाहता आणि दर वेळी तेच विचारता, "घर त झकास झालं, पण अंदर जाले वाट कुठं ठेवली?" मी एक ठोकळा काढते, अख्खं घर पडतं, आणि तुम्ही हसता.

तुमचं असं हसणं मला पुष्कळ आठवतं. रागावणं एकदाच. दिवाळीच्या आधी मला कुठूनसं कॅलेंडर मिळालं होतं. तुम्ही नेहमीच्या जागी, स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ टेकून जेवत होता. मी त्याच भिंतीवर, तुमच्या डोक्याशेजारी खिळा धरला आणि पहिला घाव घातला. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "हात नको लावू त्या भिंतीले!" एवढ्या जोरात ओरडलात की आईच्या हातातली पळी खाली पडली. नंतर तुम्हीच समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून कॅलेंडर लावून दिलंत, अन् माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. भिंतीचे पोपडे निघतील म्हणून चिडलात, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

नवं काढायचं तर जुनं आधी उभं करावं लागतं. माझ्या ऑफिसातल्या मुलीनं लाखनीला जाऊन घराची मापं आणली, बाहेरूनही आणि खोल्यांची आतूनही. एका दुपारी मी बाहेरच्या मापांनी पूर्ण घराचा भरीव ठोकळा केला, वर कवेलूंच्या छपराचा उतार दिला, मग त्यातून एकेक खोली कोरून काढू लागले. दुकान काढलं. मागचं स्वयंपाकघर, निजायची खोली, दोन्हीकडे जाणारा बोळ, सगळं काढलं. आता फक्त भिंतींच्या जाडीएवढं उरायला हवं होतं. पण दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधे, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून, एक मोठा तुकडा तसाच भरीव राहिला. माणूस आडवा निजेल एवढा. मुलीला परत पाठवलं, मापं तीच आली. त्या बोळातून मी लहानपणी रोज धावले, बाबा. तो एवढा लांब कशाला, हे कधी मनातही आलं नाही.

पडद्यावर एखाद्या आकाराच्या फार जवळ गेलं की नजर भिंतीतून आरपार जाते आणि आपण त्याच्या पोटात असतो. तिथे काहीच नसतं, नुसता राखाडी अंधार. त्या दुपारी मी त्या तुकड्याच्या आत शिरले आणि मला चटकन बाहेर येता येईना. दुसऱ्या दिवशी लाखनीला गेले.

आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, दुकान अन् स्वयंपाकघराच्या मधात काय आहे? तिचा हात थांबला.

"कोनं सांगतलं तुले?"

"कुणी नाही. मापात आलं."

"मापात येते का असं?" ती सुपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुया आधी एक पोरगा होता. भिंतीले धरून चालाले लागला होता. रस्त्याचा आवाज येत नाही म्हनून त्याले त्या खोलीत निजवत होतो आमी. ताप आला. तुये बाबा नागपूरले माल आनाले निंगाले होते. थांबा म्हनलं, त म्हने लेकराईले ताप येतेच, सांजंपर्यंत येतो. आले तवा काही नव्हतं राह्यलं."

"मग?"

"मंग काय. काही दिवस बोललेच नाही. अन् एक दिवस विटा आनल्या. गवंडी नाही बोलावला, सैपाकघराच्या बाजूनं सोताच बांधली भिंत. पाळना बी अंदरच राह्यला."

"मले काहून नाही सांगतलं, आई?"

"सांगून काय केलं असतं तू? तू झाली अन् तुये बाबा पुन्हा हासाले लागले. मंग कायले बोलाव?"

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी ज्या भिंतीपाशी बसले होते तिथून उठून दुसरीकडे बसले.

धाकट्यालाही तेव्हाच कळलं. तो बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, मजूर सांगून झाले, आता थांबवू नको. घर पाडायला घेतलं तेव्हा ती भिंत आणि त्या खोलीवरचं छप्पर आम्ही शेवटी ठेवलं. मजुरांनी घण घातले. वरच्या विटा सहज निघाल्या, कारण तुमचं बांधकाम चांगलं नव्हतं. वाकडेतिकडे थर, आणि आतल्या बाजूनं विटांमधला मसाला ओघळून तसाच वाळलेला. तो पुसायला आत कुणी नव्हतं. भिंत पडली, इतक्या वर्षांनी वारा आत गेला, आणि धूळ बसायच्या आत मला दिसलं की आढ्याला टांगलेला पाळणा हलतो आहे. दोर आपल्या दुकानातला होता. मी ओळखला. सगळे मजूर मागे सरले. आई विटांवरून चालत आत गेली, पदर खोचला आणि दोर धरून तिनं तो थांबवला. रडली नाही. बाहेर येताना म्हणाली, "तिथं अंधार नको ठेवू, बाई. बाकी काय बी कर."

तुमचा राग आला, हे लिहायला हवं. तुम्ही निघून गेलात म्हणून नाही. ताप आलेलं लेकरू सोडून कामाला जाणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. राग याचा की रोज दोन्ही वेळा तुम्ही त्याला पाठ टेकून जेवलात, समोर मी बसत होते, आणि त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. मग वाटतं, मी हसवायला होते, ते तरी नीट केलं असेल.

नव्या आकारात त्या जागी जिना घेतला आहे. वरून उघडा, उन्हाचा. धाकटा म्हणाला, एक दुकान कमी होईल. नंतर म्हणाला, होऊ दे.

या सॉफ्टवेअरमध्ये कोरून काढलेल्या प्रत्येक जागेला नाव द्यावं लागतं. आईला मी त्या भावाचं नाव विचारून घेतलं होतं, तेच जिन्याच्या जागेला दिलं. ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, मॅडम, हे कोण? मी म्हटलं, जिना आहे तो. फाइल उघडली की ते नाव दिसतं, मी वाचते आणि कामाला लागते. मोठ्यानं अजून एकदाही उच्चारलेलं नाही. इथे लिहीन असं ठरवून बसले होते, तेही जमलं नाही. ते मला आधी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, बाबा.