काट्यावर परत आलेलं वजन

धुळे, मंगळवार, पौष, सन १९५४

आज जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या काट्यावर पुन्हा उभा राहिलो. वर्षभरात मणभर वजन उतरवलं होतं, त्यातलं निम्मं परत आलंय. रोजचे सूर्यनमस्कार, पांझरा नदीकाठची फेरी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडलेला गूळ, सगळं वायाच गेलं का? काट्यावरून खाली उतरायचीही लाज वाटली.

तोलणारा सुपडू हमाल मात्र हसला. म्हणाला, "भाऊ, मांगला साले तुमले आठे चढाले दोन जन लागेत. आज एकलाच चढनात!"

खरंच की! गेल्या वर्षी इथे चढायला दोघांचा आधार लागला होता, आज एकटाच चढलो. काट्यावर चढताना गुडघा दुखला नाही, धापही लागली नाही, आणि माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. आभार कुणाचे मानू? देवाचे, डॉक्टरांचे, की सुपडूचे?

घरी चालतच आलो. टांगा करायचं सुचलंही नाही.