नानकटाई आणि माझा तक्ता

कर्वेनगर, पुणे
५ डिसेंबर २००४

श्रीयुत नागोराव यांस रंगनाथचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. आपली, वहिनींची आणि आपल्या डाव्या गुडघ्याची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. माझी उत्तम आहे. तीन आठवडे खाणावळीचा डबा खातो आहे, त्यावरून 'उत्तम'ची कल्पना यावी. आपली भगिनी भाऊबीजेला म्हणून वर्ध्याला आली ती अजून ओवाळतेच आहे काय, हे विचारण्यासाठी हे पत्र नाही. आपल्याकडे एकच बाजू पोहोचली असणार, म्हणून दुसरी कळवतो.

आमच्या उत्कर्षाने (कंपनीत संगणकासमोर बसते; काय करते विचारले की "बाबा, तुम्हाला नाही कळणार" म्हणते) बोनसमधून ओव्हन आणला. इतकी वर्षे आम्ही दिवाळीला सामान डब्यात घालून बेकरीत नेत होतो, भट्टीवाला नानकटाई भाजून देत होता आणि कोणाचे काही अडत नव्हते. ओव्हनबरोबर पुस्तक आले. त्यात मैदा दोनशे ग्रॅम, पिठीसाखर शंभर, लोणी शंभर. कौशल्या म्हणाली, "मी आपली माझ्या वाटीने घेते." ही वाटी पितळेची, आपल्या मातोश्रींनी दिलेली. मी तीस वर्षे पिंपरीच्या कारखान्यात सुटे भाग तपासले आहेत. केसाएवढी चूक असली तरी माल परत पाठवत असे. घरात अंदाजपंचे चालू देणे मला शक्य नव्हते. (काटाच विकत घेऊ, असे उत्कर्षा म्हणाली. पगार जास्त असला की डोके वापरावे लागत नाही.)

एका वाटीत कशाचे किती ग्रॅम मावतात याचा तक्ता करायचे मी ठरवले. रद्दीवाल्याच्या काट्याला अर्ध्या किलोच्या आतले जग दिसत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या मच्छिंद्र वाण्याकडे गेलो. मैद्याने भरलेली वाटी त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, बरोबर दोनशे ग्रॅम. तो म्हणाला, "काका, वाटीसकट धरायचं व्हय?" वजनमापे मला आता वाण्याने शिकवायची! साखरेचेही तसेच वजन करून, दोन रंगांच्या शाईत तक्ता लिहून फ्रिजवर चिकटवला. मैदा एक वाटी, साखर अर्धी. लोण्याच्या पुड्यावर शंभर ग्रॅम छापलेलेच होते. मळताना कौशल्या म्हणाली, "अहो, हे फार सैल आहे, अजून वाटीभर मैदा लागेल." मी तक्त्याकडे बोट दाखवले.

पाडव्याला उत्कर्षाच्या ऑफिसातले सहा जण फराळाला आले. ओव्हनमधून जे निघाले ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले एकच पातळ, खदखदणारे पान होते. त्यातल्या एकीने अदबीने विचारले, "काकू, हे चिक्कीसारखं तोडायचं का?" मी सर्वांदेखत एवढेच म्हणालो, की तक्ता बरोबर आहे, करणारीचा हात चुकला. दुसऱ्या दिवशी वाटी पर्समध्ये घालून कौशल्या वर्ध्याच्या गाडीत बसली.

माणसाने चूक केली की कबूल करावी, असे माझे मत आहे. तिच्याकडून दोन ओळींची अपेक्षा ठेवणे गैर नसावे. निवाडा आपल्यावर सोपवतो. मुलांना आशीर्वाद.

आपला,
रंगनाथ

ता. क. काल साबण आणायला गेलो, तेव्हा मच्छिंद्रने एका बाईंना तेल देताना आधी रिकामी किटली काट्यावर ठेवली आणि तिचे वजन वजा केले. मी साबण न घेताच घरी आलो. आमच्या दोनशे ग्रॅम मैद्यात निम्मे पितळ होते. तक्ता फाडून टाकला आहे.

ता. क. २. हात तिचा चुकला नव्हता. हे सर्वांदेखत म्हणायला हवे, म्हणून हे पत्र आपण घरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. वरचा मजकूर गाळलात तरी चालेल.

ता. क. ३. नवा तक्ता करायचा तर रिकाम्या वाटीचे वजन हवे, आणि वाटी तिकडे आहे. पोस्टाने पाठवू नये. तिच्याच हाती पाठवावी. मी स्टेशनवर येतो.