कप्तान, स्थिती सांगा

बाबा, काल संध्याकाळी तुमची नात टीव्ही बघताना ओरडली, "ही चीटिंग आहे! जिंकताच येत नसेल तर परीक्षा घेतात कशाला?" मालिकेत अंतराळयानावरच्या शिकाऊ अधिकाऱ्यांची परीक्षा चालली होती, काहीही केलं तरी यान नष्ट होणारच, अशी. मी कणीक मळत होते. हात थांबले, आणि नाशिकच्या या घरातून मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तिथे मी लहान आहे, आणि आपल्या खेळात पालथं पातेलं म्हणजे यान. परातीतलं बाजरीचं पीठ म्हणजे राखाडी आकाशगंगा, आणि तुम्ही बोटानं तिच्यात वाट काढताय. लांब यार्डात इंजिनं शंटिंग करताहेत. तो आवाज मला ताऱ्यांचा वाटतो. सीमेपलीकडे बंद पडलेलं एक यान मदत मागतंय. गेलं तर शत्रू घेरणार, नाही गेलं तर ती माणसं मरणार. मी दरवेळी जाते, दरवेळी हरते.

"कप्तान, स्थिती सांगा."

"बघू, होईल काहीतरी..." मी म्हणते.

"नाही. आमच्या सिग्नल केबिनमध्ये असं चालत नाही. फोन आला की दिसतंय तेच सांगायचं."

मग मी रडवेल्या आवाजात सांगते, इंजिन बंद, मदत येणार नाही, मी इथेच आहे. "हरलो!" तुम्ही खुशीत म्हणता. "आता चहा सांगा." आणि आई म्हणते, "अहो, आधी ते आकाश उचला, मला भाकरी थापायचीय."

पुढे बऱ्याच वर्षांनी तुम्ही इथल्याच दवाखान्यात होतात, तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून आता उपाय उरला नाही असं सांगितलं. आई म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस. मी आत आले तर तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "कप्तान, स्थिती?" खोटं बोलले असते तर तुम्हाला शांत झोप लागली असती का, हे मी अजून स्वतःला विचारते. पण तोंडून तेच निघालं. इंजिन बंद. मदत येणार नाही. मी इथेच आहे.

तुम्ही म्हणालात, "मग चहा सांगा की."

तुम्हाला पाणीसुद्धा बंद होतं. मी कॅन्टीनमधून कप आणून नुसता नाकाशी धरला. वाफ मिशांवर बसली. "आलं कमी आहे," तुम्ही म्हणालात.

नातीला अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. पण दिसलं ते सगळं सांगायचं ठरलंय, म्हणून राहिलेलं एवढंच: तुमचा डोळा लागल्यावर तो चहा मी पिऊन टाकला. निवला होता. छान लागला.