कोजागिरीपर्यंत तुकतुकीत

११ सप्टेंबर, दुपार

टक्, टक्, टक्-टक्. शरच्चंद्र गुरुजींची रूळपट्टी टेबलावर अशी पडायची आणि आमचा चौथीचा अख्खा वर्ग डोलायला लागायचा:

ओलसर वाट, पाठीवर घर,
चाललो आम्ही, कुणाचा डर!

आज खुर्चीत डुलकी लागली तेव्हा हाच आवाज. दचकून उठलो तर स्वयंपाकघरात बायको, नंदा, आलं ठेचत होती. गुरुजींना जाऊन जमाना झाला.

आठवण निघायचं कारण, सकाळी मराठी समाजाच्या हॉलवरून वर्गमित्र गोपाळचा फोन. कोजागिरीला जुन्या शाळेचा प्रोग्राम आहे. गोगलगायीची कविता गॅदरिंगला ज्या दोघांनी म्हटली होती त्यांनीच स्टेजवर म्हणायची, असं ठरलंय. दोघं म्हणजे मी आणि केतकी. ती सध्या इंदूरला मुलाकडे आलीये. लग्न होऊन गेली ती पुन्हा दिसलीच नाही.

मी अजिबात एक्साइट झालेलो नाही. संध्याकाळी आरशात बराच वेळ पाहिलं, ते चष्म्याची काडी सैल आहे म्हणून.

१३ सप्टेंबर

चेहऱ्याची तपासणी. कपाळ चालेल. डोळ्यांखाली पिशव्या. नंदा म्हणते, त्यात आठवड्याची भाजी मावेल.

सूनबाईंचा चेहरा मात्र काचेसारखा. अपूर्वाला सहज विचारलं. तिने स्वयंपाकघराकडे बघत हळूच सांगितलं, बाबा, कोरियन सीरम आहे, गोगलगायीच्या चिकट स्रावाचं. त्याने स्किन ओलसर राहते, मऊ पडते. पण आईंना बोलू नका हं, चातुर्मासात कांदासुद्धा बंद आहे त्यांचा, गोगलगाय कळली तर मला बाटलीसकट फाटकाबाहेर काढतील.

वचन दिलं. मनात मात्र लख्ख उजेड. गोगलगाय! कविता साठ-पासष्ट वर्षं वाट बघत थांबली होती म्हणायची.

संकल्प: रोज एक थेंब. अपूर्वाला पत्ताही लागणार नाही.

१९ सप्टेंबर

बाटली संपली. कोरियन थेंब फारच लहान असतात.

गुडघ्यालाही लावत होतो. युरोपात म्हणे पूर्वी खोकल्यावर गोगलगायीचं सरबत द्यायचे, म्हणून थोडं चाटलं. खोकला आहे तसाच, पण आवाजाला धार आलीये.

बाटलीत इसबगोलचं पाणी भरून ठेवलं. टेम्परेरी.

२० सप्टेंबर

विकत कशाला? कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळाभर गोगलगायी बसल्यात, फुकट. श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडली. डबा गच्चीवर, टाकीमागे.

अपूर्वाला आडून विचारलं. ती हसलीच. म्हणाली, बाबा, बागेतलं तसलं काही तोंडाला लावत नसतात, जंतू असतात त्यात, नुसता हात लागला तरी साबणाने धुवायचा, सीरमचं लॅबमध्ये साफ करतात.

लॅब म्हणजे काय, शेवटी गाळणंच ना? चहाची गाळणी घेतली.

२१ सप्टेंबर, सकाळ

भयंकर प्रसंग. सर्वपित्रीला जेवायला भटजी आलेले, आणि नंदा चहा गाळायला निघाली. तीच गाळणी. मी धुवून ठेवली होती, पण घाईत साबण कुठला घेतला, किंवा घेतला का, हेच आठवेना. ओरडलो, थांब! सगळे बघायला लागले. मग सुचेल ते बोललो, की जाळी फाटलीये, पत्ती घशात जाईल. गाळणी हिसकली आणि खिडकीतून फेकली.

नंदा भटजींना म्हणाली, यांचं हल्ली असंच आहे, लक्ष देऊ नका. चहा पदराने गाळला.

टावर चौकात जाऊन नवी गाळणी आणली. नंदाने ती उजेडात धरून पाहिली, मग मला पाहिलं. हे मला आवडलेलं नाही.

२५ सप्टेंबर

डब्यातली एक कमी आहे.

२६ सप्टेंबर, रात्रीची आरती झाल्यावर

नंदाच्या घटाचे कोंब एका बाजूने कुरतडलेले. तिचा चेहरा पांढराफटक. देवीच्या घटाला असं कधी झालं नव्हतं, म्हणाली, घरात काहीतरी चुकतंय. रुचिर म्हणाला, आई, उंदीर असेल, पिंजरा लावू. तेवढ्यात मला दिसली. तांब्याच्या मागे, शिंगं बाहेर काढून, आरामात.

आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत वाजवत पुढे सरकलो, नमस्काराला वाकलो आणि ती कुर्त्याच्या खिशात टाकली. अख्खी आरती ती खिशात चालत होती. नंदा डोळे मिटून देवीची क्षमा मागत होती. खरं सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं.

कोजागिरी झाली की सांगेन.

३ ऑक्टोबर

उत्पन्न नगण्य. कोबी दिला, काकडी दिली, तरी बाया लाजतात. अख्ख्या डब्यातून चमचाभरही नाही. प्रोग्राम तीन दिवसांवर, आणि रोज सकाळी आरशात तोच म्हातारा.

मग लक्षात आलं, चूक आपलीच. माळव्यात घरी आलेल्याला आपण शेव दिल्याशिवाय सोडतो का? आणि या इतके दिवस पाहुण्या! चांगली मूठभर लवंगी शेव घातली.

४ ऑक्टोबर

युरेका! डबाभर फेस! नुसता बुडबुडा! शेवेची कमाल. नव्या गाळणीने गाळून वाटीत भरलं. किंचित पिवळसर, लवंगेचा वास. कोरियावाल्यांना हे सुचलेलं नाही.

त्या सगळ्या शंखात गेल्यात. जेवण झाल्यावर कोण बाहेर हिंडतं?

५ ऑक्टोबर, सकाळी

चेहरा, मान, ओठ, सगळीकडे जाड थर. जळजळतंय. म्हणजे काम करतंय.

५ ऑक्टोबर, दुपारी

जास्तच काम करतंय.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

माझा आरडाओरडा ऐकून अपूर्वा गच्चीवर आली आणि डबा सापडला. कपाळावर हात मारला तिने. बाबा, शेवेत मीठ असतं, मिठाने गोगलगाय तडफडते, तो फेस तिने जिवाच्या आकांताने काढला, आणि तुम्ही मिरचीसकट तोंडाला फासलात? मग थांबून म्हणाली, म्हणूनच माझं सीरम पंधरा दिवस पोट साफ करायच्या औषधासारखं लागतंय.

नंदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. गाळणी, घट, सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून जुळताना मी पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. गोगलगाय आणि पोटात पाय, एवढंच म्हणाली, आणि ते गोगलगायीबद्दल नव्हतं. मग फ्रीजमधून बर्फ आणून माझ्या मांडीवर आदळला.

डबा पाण्याने धुवून प्लॉटवर रिकामा केला. दोन गोगलगायी चालायला लागल्या. बाकीच्यांना मी बराच वेळ सांगत उभा होतो की गवत ओलं आहे, निघा.

डॉक्टरांनी मलम दिलंय, सूज उतरायला वेळ लागेल म्हणे. रुचिरने गोपाळला फोन करून सांगितलं की बाबा अचानक भोपाळला गेलेत.

तरी खरं ते लिहून ठेवायला हवं. सुरकुती एकही उरलेली नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

सगळे हॉलवर दूध आटवायला गेलेत. नंदा जाताना म्हणाली, दार उघडू नका, कुणी घाबरेल.

बेल वाजली. वाजतच राहिली. दुपट्टा तोंडावर घेऊन फट केली.

केतकी.

ऑटोवाला तिला पायरीपर्यंत सोडून गेला होता. नानाखेड्याच्या बस स्टँडवर उतरून सरळ इकडेच आली, स्टेजवर जायच्या आधी यज्ञूबरोबर एकदा म्हणून बघावं म्हणून. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच आठवड्यात झालंय, दुसरा डोळा आधीच अधू, चेहरे काही दिसत नाहीत, पण आवाजावरून कुणालाही ओळखते, म्हणाली. यज्ञेश्वर आहे का घरी?

मी दुपट्टा काढला. काही फरक पडला नाही.

हो, मीच तो, असं म्हणायला गेलो. पण ओठ असे सुजलेत की बाहेर भलतंच काही आलं. तिने पदर सावरला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, काका, माफ करा, झोपमोड केली.

मी कसंबसं सांगितलं, यज्ञू भोपाळला गेलाय.

तिचा चेहरा उतरला. मग काठी उंबऱ्यावर आपटली, टक्, टक्, टक्-टक्, आणि स्वतःशीच म्हणाली, ओलसर वाट, पाठीवर घर...

माझ्या तोंडून पुढची ओळ आपोआप निघाली. जशी निघाली तशी.

केतकी एकदम खुलली. म्हणाली, अय्या काका, तुम्हीपण आमच्याच शाळेचे? आमच्या किती वर्षं आधी?