दहा जूनला मला हजर धरण्याबाबत

दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, डोहगव्हाण,
जि. परभणी.

विषय : मंगळवार दि. १० जून २०२५ रोजी मी औषध विभागात हजर असताना मला गैरहजर दाखविल्याची नोंद दुरुस्त करून, त्या दिवशी माझ्या हातून झालेली चूक माझ्या नावे लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा चौकशी अहवाल, दि. २७ जून २०२५.
२) माझे अर्ज दि. १४ जुलै, ४ ऑगस्ट व २५ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी भक्ती उद्धव सोळंके, वय २१, रा. सोनपेठ. औषधनिर्माणशास्त्र पदविकेची परीक्षा उत्तीर्ण होऊन आपल्या रुग्णालयात प्रशिक्षण घेतले. या विषयावरचा हा माझा चौथा अर्ज आहे. पहिले तीन अर्ध्या-अर्ध्या पानाचे होते व "नेमके काय पाहिजे ते कळत नाही" असा त्यांच्यावर आपल्या कार्यालयाचा तोंडी आक्षेप आहे. सबब या वेळी सर्व हकीकत लिहीत आहे. अर्ज लांबला तर तो दोष माझा, पण कृपया शेवटपर्यंत वाचावा.

१. पदविकेनंतर पाचशे तास प्रत्यक्ष काम शिकावे लागते, त्याशिवाय औषधनिर्माता म्हणून नोंदणी होत नाही. मी ते दि. २४ मार्चपासून आपल्याकडे रोज सहा तासांप्रमाणे केले. औषध निर्माण अधिकारी श्री. बन्सीधर कदम सर यांनी मला शिकविले, आणि मनापासून शिकविले. चिठ्ठी कशी वाचावी, साठा कसा लावावा, मुदत संपत आलेले औषध पुढे कसे ठेवावे, हे सर्व त्यांचेच. त्यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व या अर्जाचा तसा अर्थ काढू नये.

२. सांधे सुजण्याच्या आजारावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तेच औषध विषासारखे लागते. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना वार लक्षात राहत नाही, पण बाजार कोणी विसरत नाही. म्हणून कदम सरांची पद्धत अशी की "बाजाराच्या दिवशी एक गोळी" असे सांगावयाचे. या पद्धतीने वर्षानुवर्षे रुग्ण बरोबर गोळी घेत आले आहेत व मी स्वतः ते पाहिले आहे.

मात्र सर तसे सांगण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारीत, "मावशी, बाजार कोणता करता?" कोणी गंगाखेडचा म्हणे, कोणी सोनपेठचा, कोणी इथलाच. मग सर त्या बाजाराचा वार बोलून दाखवीत आणि तोच पाकिटावर लिहीत. मी अडीच महिने हा प्रश्न ऐकला, आणि मला वाटे की सर गप्पिष्ट आहेत, रुग्णाशी दोन शब्द बोलायला त्यांना आवडते. तो प्रश्न औषधाचा भाग आहे हे माझ्या डोक्यात आले नाही. कोणत्याही पुस्तकात तो नाही, पण हे कारण म्हणून सांगत नाही.

३. दि. १० जून रोजी कदम सर औषधांचा साठा आणण्यासाठी परभणीला गेले. जाताना मला स्पष्ट बजावून गेले, "म्या येईस्तोवर खिडकी उघडायची न्हाई." मंगळवार हा डोहगव्हाणच्या बाजाराचा दिवस. साडेदहापर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. लोक खिडकी वाजवू लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ताई, बाजार मोडायच्या आत सोडा की आमाला. तुमाला काय, तुमी सावलीत बसलाव." मला ते लागले. शिवाय मला येते हे दाखविण्याची हौसही होती, तीही इथे नमूद करते. मी खिडकी उघडली व एकतीस जणांना औषधे दिली.

त्यांपैकी एक दगडाबाई, वय अंदाजे ६५. सोबत त्यांची सून सुमंगला होती. मी त्यांना दहा गोळ्यांचे एक पाकीट दिले. ते दहा आठवडे पुरणार होते. सरांच्या ऐटीत मी म्हणाले, "बाजाराच्या दिवशी एक, आजी. विसरायची नाही." बाजार कोणता करता, हे मी विचारले नाही आणि पाकिटावर वारही लिहिला नाही. मंगळवार हाच बाजार, दुसरा कोणता असणार, असे मी गृहीत धरले.

४. दगडाबाई लसूण, हळद आणि सुक्या मिरच्या विकतात. सोमवार ते शनिवार त्या सहा वेगवेगळ्या गावांच्या बाजारांना बसतात. रविवारी घरी असतात. सुमंगलाने सासूला मी सांगितल्याप्रमाणे बाजाराच्या दिवशी एक गोळी दिली. बुधवार दि. ११ पासून शनिवार दि. २१ पर्यंत, मधला रविवार सोडून, दहा दिवसांत दहा गोळ्या. एकही चुकविली नाही. इतक्या काटेकोरपणे सांगितलेले पाळणारा माणूस मी पाचशे तासांत दुसरा पाहिला नाही.

रविवारी दि. २२ रोजी दगडाबाईंच्या तोंडातून रक्त येऊ लागले. तोंडभर फोड, ताप, पाणी गिळता येईना. त्यांना परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेले. रक्तातील पेशी फार खाली गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या. त्या जिवंत आहेत. हे वाक्य मी मनातल्या मनात रोज म्हणते.

५. मंगळवार दि. २४ जून रोजी सुमंगला रिकामे पाकीट घेऊन आपल्या कक्षाबाहेर उभी होती. तिने सर्वांसमोर सांगितले, "इथल्या पोरीनं बाजाराच्या दिशी द्या म्हनलं. आमचा रोजच बाजार हाय, मंग म्या रोज दिली." मी समोरच्या औषध विभागात कपाटाआड उभी राहून ऐकत होते. त्या क्षणी मला सरांचा प्रश्न समजला. तरी मी बाहेर आले नाही.

त्याच दिवशी सायंकाळी कदम सरांनी हजेरीपत्रक काढले, दि. १० जूनच्या माझ्या सहीवर पांढरी शाई फिरवली आणि वर "गै" असे लिहिले. म्हणाले, "पोरी, तू त्या दिशी नव्हतीस. ध्यानात ठेव. तुझं समदं आयुष्य पडलंय." त्यांनी ते माझ्यासाठी केले. मी मान हलविली. ती मान हलविणे ही माझी दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी, कारण ती मी समजून-उमजून केली.

६. दि. २७ जूनच्या अहवालात आपण लिहिले आहे की औषध स्वतः कदम सरांनी दिले, योग्य सूचना दिली, त्या दिवशी विभागात कोणीही प्रशिक्षणार्थी मुलगी नव्हती, आणि "घरातील व्यक्तीने (सून) सूचनेचे उल्लंघन करून रोज गोळी दिली व चौकशीत असत्य कथन केले". सोबत हजेरीपत्रकाची प्रत जोडली आहे. वस्तुतः सकाळी ११.४० वाजता कदम सरांनी परभणीत साठा ताब्यात घेतल्याची सही केलेली पावती आपल्याच दप्तरी आहे. म्हणजे कागदोपत्री पाहता त्या दिवशी कदम सर एकाच वेळी दोन ठिकाणी होते आणि मी कोठेच नव्हते.

७. एक दिवस कमी पडू नये म्हणून रविवार दि. २९ जून रोजी, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, मला सहा तास बसवून तास पूर्ण करून घेण्यात आले. मी त्या दिवशी कपाटे पुसली. दि. १० जुलै रोजी मला प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळाले. कपाटे पुसण्याचा दिवस त्यात धरला आहे, आणि ज्या दिवशी मी सर्वांत जास्त शिकले तो धरलेला नाही. वडिलांनी सोनपेठला औषध दुकानासाठी गाळा बघून ठेवला आहे. नोंदणीसाठी हे प्रमाणपत्र पुढे पाठवायचे, एवढेच राहिले होते. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मी तोंड उघडले नाही, हे लिहिताना मला लाज वाटते.

८. दि. १३ जुलै रोजी मी दगडाबाईंना बघायला त्यांच्या घरी गेले. सुमंगला घरात नव्हती. तिचा नवरा परमेश्वर याने तिला तीन वर्षांच्या मुलीसह माहेरी, येलदरीकडच्या खेड्यात, धाडून दिले आहे. आईला मारायला निघालेली बाई घरात नको, असे त्याचे म्हणणे. आपल्या अहवालाचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये आहे. तो भावकीत, पारावर, पानटपरीवर सर्वांना दाखवितो.

मी त्याला तिथल्या तिथे सांगितले की गोळ्या मी दिल्या, चूक माझी, सुनेने फक्त मी सांगितले ते केले. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाला, "तुमी तर गैरहजर होत्या, ताई. सरकारी कागदावर हाय. बाईमाणूस हाय म्हणून दया करायलाव काय तिच्यावर?" खाटेवरून दगडाबाई म्हणाल्या, "सुमीला आणा रं कोणी. ती न्हाई तर मला पाणी कोण पाजंल?" त्यांना अजून नीट बोलता येत नाही, हे वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

९. त्यानंतर मी केलेल्या अर्जांचे काय झाले ते आपणास माहीत असेलच, तरी लिहिते. पहिला अर्ज "अर्जदार सदर दिवशी गैरहजर असल्याने सदर दिवसाबाबत तिला माहिती असण्याचा संभव नाही" असा शेरा मारून परत आला. दुसऱ्या अर्जासोबत मी त्या दिवशीचे एसटीचे तिकीट जोडले, तर तिकिटावर प्रवाशाचे नाव नसल्याचे कळविण्यात आले. हजेरीपत्रक उजेडात धरल्यास पांढऱ्या शाईखालची माझी सही वाचता येते, असेही मी लिहिले होते. त्यावर असे सांगण्यात आले की गैरहजर व्यक्तीस हजेरीपत्रक पाहण्याचा अधिकार नाही. हजर असल्याचा दाखला विभागप्रमुखांकडून आणावा, असेही सुचविण्यात आले. विभागप्रमुख म्हणजे कदम सर. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला चहा दिला. त्यांची निवृत्ती चौदा महिन्यांवर आहे. दाखला मी मागितला नाही.

तिसऱ्या अर्जावर लेखी उत्तर आले नाही. आपल्या कार्यालयातील लिपिक श्री. सूर्यभान यांनी तोंडी समजावले, आणि मला वाटते त्यांनी चांगल्या मनाने समजावले. ते म्हणाले, "बाई, लोक हजेरी मागायला येतेत, चूक मागायला कोणी येत न्हाई. तुमच्या हातात प्रमाणपत्र हाय. ते हाय तवर तुमचं प्रशिक्षण पूर्ण. प्रशिक्षण पूर्ण, तर फाईल बंद. बंद फाईल साहेब तरी कशी उघडतील?"

१०. मागील आठवड्यात मी येलदरीकडे जाऊन सुमंगलाला भेटले. ती भावाच्या शेतात निंदायला जाते. मी तिची माफी मागितली. ती रागावली नाही, ते मला फार कठीण गेले. ती म्हणाली, "तुमी हजर होता हे मला ठावं हाय, ताई. माझ्यासमोर तर दिल्यात गोळ्या. मला काय सांगायलाव? कागदाला सांगा." मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती व आजी कधी येणार म्हणून मलाच विचारीत होती. बांधावर बसून मी रडले. सुमंगलाने मला पाणी दिले.

म्हणून हा अर्ज मी कागदाला सांगण्यासाठी करीत आहे. माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे.

मला दि. १० जून २०२५ रोजी सकाळी ९ ते दुपारी ३ हजर धरावे. रविवार दि. २९ जूनचे सहा तास कमी करावेत, मी त्या दिवशी काही शिकले नाही. चौकशी अहवालातील सुनेविषयीचे वाक्य काढून त्या जागी लिहावे की, मनाई असताना खिडकी प्रशिक्षणार्थी भक्ती सोळंके हिने उघडली, अपुरी सूचना तिने दिली, आणि सून सुमंगला हिने सांगितलेले तंतोतंत पाळले. खिडकी बंद ठेवण्याची ताकीद कदम सरांनी दिली होती, हेही लिहावे. दुरुस्त अहवालाची सहीशिक्क्याची प्रत सुमंगलाच्या नावे तिच्या माहेरच्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवावी. परमेश्वर यांच्या हाती देऊ नये. त्यांना ती तिच्या हातून मिळाली पाहिजे.

या नोंदीमुळे माझी नोंदणी अडेल, कदाचित कायमची अडेल, याची मला पूर्ण जाणीव आहे. वडिलांना मी अद्याप सांगितलेले नाही. मला भीती वाटते. पण उद्या माझ्या खिडकीवर एखादी बाई आली आणि मी तिला काही सांगितले, तर तिने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. सुमंगलाने ठेवला होता.

फाईल कशाने बंद झाली हे श्री. सूर्यभान यांनी सांगितल्यामुळे, ती कशाने उघडेल हे मला समजले. त्याप्रमाणे सोबत कागद जोडले आहेत.

आपली नम्र, व दि. १० जून रोजी हजर असलेली,

(सही)
भक्ती उद्धव सोळंके
रा. सोनपेठ, जि. परभणी

सोबत :
१. माझ्या पूर्वीच्या तीन अर्जांच्या प्रती.
२. एसटीचे तिकीट, दि. १० जून २०२५.
३. सुमंगलाचा माहेरचा पत्ता, पिनकोडसह.
४. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, मूळ प्रत. रद्द करण्यासाठी परत. याची झेरॉक्स काढून ठेवलेली नाही.