ह्यांचा आवाज सगळीकडे चालावा म्हणून

३ फेब्रु., सोम.
ह्यांच्या घशाचं ऑप. पुढच्या सोमवारी, तंजावरला. डॉ. म्हणाले, आवाज राहील किंवा जाईलही. सुधा पुण्याहून फोनवर रडली. मग म्हणाली, "आई, बाबांचा व्हिडिओ काढ. आपल्या मराठींत. बाळास ऐकवीन." बाळ अजून पोटात!

४, मंगळ.
फोन समोर धरला की हे तमिळ सुरू. "एल्लारुक्कुम् वणक्कम्..." सगळ्यांना नमस्कार म्हणे, बँकेतलं भाषणच. घरात मराठी, परक्यांशी तमिळ. कॅमेरा ह्यांना परका. तीनदा तेच. चिडले मी.

५, बुध.
फोन तांदळाच्या डब्याला टेकवला, चालू आहे असं सांगितलं, आणि मी समोर वांगी चिरत बसले. मुद्दाम डांगर पचडीवरून, उडदाचं पीठ दह्यात कालवतात त्यावरून, वाद काढला. हे फोन विसरलेच. "तुज काय कळते ग? माझ्या आईची पचडी अस्की, सगळीच विसरलीस." मग थांबतात कसले. असे बोलले की मीच ऐकत राहिले.

६, गुरु.
व्हिडिओ पाठवला. सुधाकडे चालला. पापनाशमला नणंदेच्या, वत्सलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसता आवाज, चित्र काळं. मोबाइलच्या दुकानातला सेल्वम म्हणाला, नाव एमपी४च, पण आत चित्र एच.२६५ पद्धतीनं दाबलेलं, जुन्या मशीनला ते उलगडत नाही. म्हणजे डब्यावर साखर लिहिलेलं, आत भलतंच. एच.२६४ करून घ्या म्हणे, ते बहुतेक सगळीकडे चालतं. फाइल फुगली. चित्र लहान कर म्हटलं, आवाजाला हात लावू नकोस.

८, शनि.
वत्सलाचा फोन. "वहिनी, अण्णा दिसला. भांडतो आहे." तिनं परत लावला. मीही फोनवरून ऐकला.

९, रवि.
ह्यांनी पाहिला. "पुसून टाक. असा भांडखोर आजा कोणास हवा?"
म्हटलं, मज हवा.
भीती वाटतेय, दोघांनाही.

१२, बुध.
सोमवारी ऑप. झालं. गळ्यात नळी, बोलायचं नाही. वॉर्डातल्या शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागितला, व्हिडिओचा पेनड्राइव्ह लावला. लगेच चालला. मी त्यात विचारते, "आज काय करूं?" ह्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. उत्तर लॅपटॉपनं दिलं.
मी ह्यांचा हात धरून बसले. नळी शुक्रवारी काढतील, आवाजाचं तेव्हा कळेल, डॉ. म्हणाले.